मोटर कुणाला द्यायची: आमच्या गेमच्या प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

आजपासून इथे लिहून ठेवणार, कारण कुठला निर्णय कधी आणि का घेतला यावरून माझा आणि मॅपवाल्याचा सारखा वाद होतोय आणि दोघांना वेगवेगळं आठवतंय. तर गेम काय आहे ते एकदाच लिहून टाकतो. अणुयुद्धानंतर बऱ्याच वर्षांनी, ओपन वर्ल्ड आरपीजी (मोकळ्या जगात हवं तिथे फिरत एका पात्राची भूमिका खेळायचा गेम), पण नकाशा मुद्दाम छोटा, दोन किलोमीटर बाय दोन. खाली नदीकाठची वस्ती, वर टेकडीवर पडका दवाखाना ज्यात लोक राहतात, पलीकडे धरण, मधे एक रेडिओ टॉवर आणि बाकी सगळं ओसाड. मी कोड आणि संवाद, तो मॅप आणि मॉडेल्स, टेस्टिंगला दोन-तीन मित्र.

गोष्टीची गाठ एकच. धरणाच्या तळघरात पाण्याच्या पंपाची एक चालू मोटर पडलीय. वस्तीच्या विहिरीला ती हवी, दवाखान्याच्या बोअरलाही हवी. मोटर एकच. बास, एवढ्यावरच सगळं उभं करायचंय. जग वाचवायला निघालेला हिरो वगैरे नको, त्याचा कंटाळा आलाय.

९ फेब्रुवारी

व्यापारी जमिनीतून खाली पडतायत. टॉवरच्या रस्त्यावर गेलं की खेचर एकटंच उभं, पाठीवर सामान तसंच, मालक गायब. टेस्टरला वाटलं ही काहीतरी रहस्यकथा आहे, त्याने आजूबाजूला पुरावे शोधले म्हणे.

कारण सापडलं. नकाशा चंकमध्ये, म्हणजे तुकड्या-तुकड्याने, लोड होतो, खेळाडू जवळ आला की एनपीसी (गेम स्वतः चालवतो ती पात्रं) आधी जागे होतात आणि पायाखालच्या जमिनीचं कोलिजन (ती टणक आहे हा हिशोब) एक-दोन फ्रेम उशिरा येतं, तेवढ्यात गुरुत्वाकर्षण आपलं काम करून मोकळं. खेचराला फिजिक्स लावलेलंच नव्हतं म्हणून ते वाचलं. आता नियम असा की चंककडून कोलिजन तयार असल्याचा सिग्नल आल्याशिवाय कुणी हलायचं नाही, आणि तरीही कुणी ठरावीक खोलीच्या खाली गेलाच तर त्याला शेवटच्या चांगल्या जागेवर परत आणून ठेवायचं. दुसरा भाग म्हणजे ठिगळ आहे, पण राहू दे.

यावरून पुढचा प्रश्न निघाला, खेळाडू लांब असताना व्यापारी नक्की काय करतो? २००७ च्या स्टॉकर: शॅडो ऑफ चेर्नोबिलमध्ये ए-लाइफ नावाची यंत्रणा आहे, खेळाडू नकाशाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी झोनमधली, म्हणजे गेममधल्या चेर्नोबिल परिसरातली, माणसं आणि जनावरं साध्या हिशोबावर हलत राहतात, भांडतात, मरतात. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टॉकर २ आला तेव्हा खेळणाऱ्यांची मोठी तक्रार हीच होती की ही यंत्रणा जाणवतच नाही, माणसं खेळाडूच्या पाठीमागेच उगवतात. म्हणजे लोकांना न दिसणारं जगसुद्धा हवं असतं, आणि ते नसलं की लगेच कळतं. आपण स्वस्तात करू: लांबचा व्यापारी म्हणजे रस्त्यावरचा एक ठिपका, गेममधल्या दर तासाला एक फासा, पोचला, उशीर झाला, लुटला गेला किंवा मेला.

१५ फेब्रुवारी

आज कोड नाही. दोघांनी बसून फॉलआउट: न्यू वेगासची (अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेतल्या फॉलआउट मालिकेतला गेम) सुरुवात परत खेळली, फक्त मॅप बघायला.

सुरुवातीच्या गुडस्प्रिंग्ज गावातून बाहेर पडलं की वेगास उत्तरेला अगदी जवळ आहे, म्हणजे सरळ चालत गेलं तर फार काही लागत नाही. पण उत्तरेच्या वाटांवर काझाडोर (राक्षसी गांधीलमाश्या) आहेत आणि क्वारी जंक्शनला डेथक्लॉ (मोठ्या नख्यांचे राक्षसी प्राणी), सुरुवातीच्या बंदुकीने त्यांना ओरखडाही येत नाही. म्हणून बहुतेक जण दक्षिणेला वळतात, प्रिम, मोहावे आउटपोस्ट, निप्टन, नोव्हॅक असा मोठा वळसा घालून वेगासला येतात आणि त्या वळशातच एनसीआर कोण, लीजन कोण (त्या भागासाठी भांडणारे दोन गट), कुणाचं काय दुखतंय ते कळून जातं. म्हणजे कथा सांगायचं काम चक्क प्राण्यांकडून करून घेतलंय. आणि महत्त्वाचं म्हणजे तिथे भिंत नाहीये. लपत-छपत, स्टेल्थ बॉय (अदृश्य करणारं यंत्र) वापरून किंवा नुसतं नशिबावर पळत उत्तरेने जाता येतं आणि गेलं तर गेम तुम्हाला हाकलून देत नाही.

मॅपवाला म्हणाला मग आपण धरणाच्या वाटेवर जंगली कुत्री ठेवू. मी म्हटलं ठेव, पण मारून टाकता येतील अशीच ठेव, अवघड असली तरी. अदृश्य भिंत दिसली की माझा खेळण्यातला रसच जातो, इथे जाता येणार नाही अशी पाटी लावायची तर मग नकाशा उघडा कशाला ठेवायचा.

टॉवरवर रात्री लाल दिवा लागणार आहे, कुठूनही दिसेल असा. दिशा कळायला तेवढं पुरे, कंपास काढून टाकतोय. (मॅपवाल्याला हे अजून सांगितलेलं नाही.)

१६ फेब्रुवारी

सांगितलं. कंपास राहतोय.

२१ फेब्रुवारी

पहिली खरी टेस्ट झाली आणि क्वेस्टची (खेळाडूला दिलेल्या कामाची) सगळी रचनाच कोसळली. टेस्टर सुरू झाल्याझाल्या वस्तीकडे न जाता थेट धरणाकडे गेला, कुत्र्यांना चुकवलं, तळघरात शिरला, मोटर उचलली आणि मग फिरत फिरत वस्तीत आला. तिथे सरपंच बाई त्याला सांगतायत की बाबा रे कुठूनतरी मोटर शोधून आण, आणि मोटर ह्याच्या पाठीवर. तो धरणावर जातो, तिथे काही नाही, क्वेस्ट अडकली.

क्वेस्ट आपण पायऱ्यांवर चालवत होतो, दहा, वीस, तीस, प्रत्येक गोष्ट आधीची पायरी झाली की उघडते. ओपन वर्ल्डमध्ये हे टिकणार नाही, कारण फिरायची मोकळीक दिली म्हणजे क्रम मोडायचीही मोकळीक दिली, दोन्ही एकच आहे. २००८ च्या फॉलआउट ३ मध्ये वडिलांना शोधायची लांबलचक साखळी आहे, रेडिओवाल्या थ्री डॉगला भेटा, त्याचं काम करा, मग रिव्हेट सिटी, मग पुढे. पण कुणी उगाच पश्चिमेकडे भटकत जाऊन व्हॉल्ट ११२ मध्ये (जमिनीखालच्या आश्रयस्थानात) शिरला तर वडील तिथेच सापडतात आणि मधला मोठा भाग गळून पडतो, गेम ते मान्य करून पुढे चालतो. ह्याला लोक बग म्हणत नाहीत, शोध लागला म्हणतात. फरक एवढाच की बनवणाऱ्यांनी ते दार कुणी आधी उघडलं तर काय याचा विचार करून ठेवला होता.

तर पायऱ्या काढून टाकल्या. आता एक वही आहे, त्यात फक्त घडलेल्या गोष्टी लिहिल्या जातात: मोटर कुठे आहे, कुणी पाहिली, सरपंच बाईंना माहीत आहे का, दवाखान्यातल्या डॉक्टरला माहीत आहे का. संवाद सुरू होताना पात्र पायरी विचारत नाही, वही वाचतं. मोटर पाठीवर दिसली तर बाई पहिलंच वाक्य वेगळं बोलतात, "ही कुठून आणलीस?" त्यामुळे संवाद जवळजवळ दुप्पट लिहायला लागणार. लिहू.

२ मार्च

जुनी सेव्ह नव्या बिल्डमध्ये (गेमच्या नव्या आवृत्तीत) उघडली तर वस्तीतली एक आजी कुलूपबंद. म्हणजे शब्दशः, तिच्यावर कर्सर नेला की "कुलूप: मध्यम" असं येतंय आणि आकडा घालून उघडायचा प्रयत्न करता येतोय. तिच्या जवळचं दार मात्र मेलेलं, लुटता येतंय, आत दोन काडतुसं.

सेव्ह फाइलमध्ये वस्तूंची ओळख यादीतल्या क्रमांकाने ठेवली होती. मॅपवाल्याने मधे एक पिंप वाढवलं आणि पुढचं सगळं एकाने सरकलं. आता प्रत्येक वस्तूला कायमचा आयडी, एकदा दिला की परत कुणाला द्यायचा नाही, वस्तू काढून टाकली तरी.

सेव्हबद्दल अजून एक लिहून ठेवतो कारण पुढे त्रास देणार आहे. अशा गेममध्ये सेव्ह म्हणजे अख्खं जग नसतं, मूळ जगापेक्षा काय काय बदललंय तेवढी यादी असते. ढकललेला डबा, उघडलेलं कपाट, मेलेला कुत्रा, सगळं त्यात. न्यू वेगासचं प्लेस्टेशन ३ वर जे व्हायचं, बरेच तास खेळलं की गेम अडखळायला लागायचा, त्याच्या मुळाशी हेच होतं: फरकांची यादी वाढत जायची, ती सगळी मेमरीत ठेवायला लागायची आणि त्या मशीनची मेमरी दोन वेगळ्या भागांत वाटलेली, त्यामुळे जागा अजूनच अपुरी. म्हणजे जो जास्त फिरला त्यालाच जास्त शिक्षा. आपण फालतू गोष्टी विसरायच्या: रिकामा डबा कुठे ढकलला ते तीन दिवसांनी विसर, माणूस आणि मोटर कधीच विसरू नको.

(१९८८ च्या वेस्टलँडमध्ये तर जगातले बदल थेट गेमच्या डिस्कवरच लिहिले जायचे, म्हणून आधी डिस्कची कॉपी करून मग खेळायचं. त्या काळच्या मानाने काय हिंमत होती लोकांची.)

७ मार्च

कुत्री रेडिओभोवती जमतायत. गोळीचा आवाज आणि रेडिओचा आवाज दोन्हीला एकच टॅग लागलाय. दुरुस्त करायला घेतलं होतं, तेवढ्यात टेस्टरने चालू रेडिओ लांब फेकून कुत्री तिकडे पाठवली आणि धरणात आरामात गेला. दुरुस्त करत नाही. उलट डॉक्टरच्या तोंडी एक वाक्य घातलं की "रात्री रेडिओ बंद ठेव, ती येतात." आता हे फीचर आहे.

११ मार्च

धरणाची लिफ्ट. हलणारा प्लॅटफॉर्म आणि त्यावर उभा खेळाडू हे दोघं एकमेकांशी पटवून घेत नाहीत, खेळाडू थरथरतो नाहीतर आरपार जातो. मॅपवाल्याला फॉलआउट ३ च्या ब्रोकन स्टील या जोडभागातल्या मेट्रोची गोष्ट सांगितली, तो हसून हसून बेजार. त्या एंजिनमध्ये चालती गाडी करायची सोय नव्हती म्हणून बनवणाऱ्यांनी ट्रेनचा डबा हा अंगावर घालायच्या चिलखताचा नग केला, आणि प्रवास म्हणजे ते चिलखत घातलेलं पात्र रुळांवरून सरकतंय. खेळणाऱ्याला फक्त गाडी दिसते. मला तरी ही गोष्ट चेष्टेची वाटत नाही, काम झालं ना.

आमची लिफ्ट हलतच नाही. खेळाडू आत शिरला, दार बंद झालं की बाहेरच्या भिंतीचं चित्र वर सरकतं आणि दार उघडायच्या आत खेळाडूला खालच्या तशाच दिसणाऱ्या लिफ्टमध्ये टाकतो. कुणाला कळलं नाही.

१४ मार्च

आज मोठा वाद. टेस्टरने मोटर विकली.

वस्तीला नाही, दवाखान्याला नाही, रस्त्यात भेटलेल्या व्यापाऱ्याला विकली कारण वजन फार होत होतं आणि त्याला गोळ्या हव्या होत्या. व्यापारी पुढे निघाला, खेळाडू लांब गेला, ठिपक्याचा फासा पडला आणि व्यापारी मेला. मोटर आता टेकडीमागच्या एका घळीत प्रेताजवळ पडलीय, हे फक्त माझ्या लॉगला माहीत. वस्ती वाट बघतेय, दवाखाना वाट बघतोय, टेस्टर तास दीड तास फिरून कंटाळला आणि त्याने लिहिलं, "गेम तुटला बहुतेक."

मॅपवाल्याचं म्हणणं सरळ: मोटर विकता येऊच नये, क्वेस्टची वस्तू आहे, लॉक करून टाक. मोठे गेमही हेच करतात, कथेला लागणारी माणसं मरत नाहीत, फक्त गुडघ्यावर बसतात आणि थोड्या वेळाने उठतात. मला ते बघवत नाही. एखाद्याच्या डोक्यात सगळं मॅगझिन रिकामं करावं आणि त्याने धूळ झटकून "काय काम होतं?" विचारावं, यापेक्षा मोठा बग कुठला?

न्यू वेगासने यातून काढलेला रस्ता मला अजूनही सगळ्यात हुशार वाटतो. तिथे जवळजवळ कुणालाही मारता येतं, मिस्टर हाउसला, सीझरला, सगळ्या पुढाऱ्यांना. मग कथा संपणार कशी? तर येस मॅन आहे, तो एका सिक्युरिट्रॉन रोबोटमध्ये चालणारा प्रोग्रॅम, त्याला उडवला तर दुसऱ्या रोबोटमधून परत हसत येतो. अमर असायचं कारण कथेतच आहे, वरून चिकटवलेलं नाही. सगळ्यांशी वैर घेतलं तरी हूव्हर डॅमपर्यंत, म्हणजे शेवटच्या लढाईपर्यंत, पोचायची एक वाट उरते.

शेवटी असं ठरलं की मोटर विकणं हा बग नाही, ती खेळाडूची निवड आहे, त्याला निवड वाटली नाही तरी. बग हा की जगाला ते कळलं नाही. वही फक्त खेळाडूने केलेल्या गोष्टी लिहीत होती, वस्तूचं पुढे काय झालं ते लिहीत नव्हती. आता मोटर कुठेही गेली तरी वहीत नोंद होते आणि बातमी माणसांबरोबर फिरते: दुसरा कुणी व्यापारी त्या घळीजवळून गेला तर पुढच्या वस्तीत तो सांगणार की अमक्याचं प्रेत पाहिलं, जवळ कसलंतरी यंत्र होतं. मग खेळाडू परत जाऊन आणू शकतो, नाहीतर नाही.

मॅपवाला अजून नाराज आहे. म्हणतो, "लोकांना वाटेल गेमच त्यांच्यावर रुसलाय." वाटू दे.

१८ मार्च

चौदा तारखेच्या वादाचं शेपूट. निवड कशी दाखवायची? २०१४ च्या वेस्टलँड २ मध्ये सुरुवातीलाच दोन ठिकाणांहून मदतीची हाक येते, ॲग सेंटर (शेतीचं केंद्र) आणि हायपूल, एकाकडे गेलात की दुसरं बुडतं आणि रेडिओवर त्यांचा आवाज ऐकू येत राहतो. पोटात गोळा येतो ते ऐकताना, पण सगळं स्वच्छ सांगितलेलं आहे, दोन हाका, एकच तुकडी.

उलट उदाहरण फॉलआउट ३ चा मूळ शेवट. किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत कुणीतरी जाऊन बटणं दाबायचीत, जो जाईल तो मरणार, आणि तुमच्याबरोबर फॉक्स असू शकतो, सुपर म्युटंट, ज्याला किरणोत्सर्गाने काहीच होत नाही. त्याला विचारलं तर तो सांगतो की हे तुझं प्राक्तन आहे. अरे बाबा! आधी तूच तसल्याच खोलीतून मला वस्तू आणून दिली होतीस ना? २००९ च्या ब्रोकन स्टीलने मग त्याला पाठवायची सोय केली. जगाचे नियम जे इतके तास शिकवले तेच शेवटी कथेसाठी बाजूला ठेवले की माणूस चिडणारच. आपल्याकडे असं कुठे होतंय का ते तपासायचं. दवाखान्याचं गेट लोखंडी आहे पण खिडकी फुटकी, तरी आत उडी मारता येत नाही. मॅपवाल्याला सांगितलं, एकतर खिडकी बुजव नाहीतर आत येऊ दे.

२५ मार्च

वेगवान मॉनिटर असलेल्या टेस्टरकडे दवाखान्याच्या स्वयंपाकघरातल्या ताटल्या स्फोट झाल्यासारख्या उडतायत. फिजिक्स फ्रेम रेटला बांधलेलं. २०१५ च्या फॉलआउट ४ लाही फ्रेम रेटची मर्यादा काढली की असंच काहीबाही व्हायचं. आता फिजिक्स वेगळं, सेकंदाला ६० ठोके, चित्र कितीही वेगाने येवो. अर्ध्या दिवसाचं काम, यात सांगण्यासारखं काही नाही.

१ एप्रिल

वस्ती किती दिवस वाट बघणार? आत्ता अनंत. खेळाडूने सगळा नकाशा पिंजून काढला, पन्नास डबे उघडले, झोपा काढल्या, तरी बाई विहिरीजवळ तशाच उभ्या. तहानलेलं माणूस असं उभं राहत नाही.

१९९७ च्या पहिल्या फॉलआउटमध्ये वॉटर चिप (व्हॉल्टच्या पाण्याच्या यंत्रणेचा सुटा भाग) आणायला १५० दिवस मिळतात, संपले की व्हॉल्ट १३ संपला, गेम संपला. पाण्याचा काफिला तिकडे पाठवायची सोय करून आणखी १०० दिवस विकत घेता येतात. खूप लोकांना तो टायमर आवडत नाही कारण निवांत फिरता येत नाही, आणि ते खरंच आहे. पण त्या टायमरमुळे प्रत्येक फाटा घेताना विचार येतो की जावं का, आणि मग जिथे गेलो ते लक्षात राहतं.

मधली वाट काढली. घड्याळ दाखवणार नाही, गेम संपणार नाही, पण वस्ती दिवसागणिक बदलेल. आधी बादल्यांची रांग, मग भांडणं, मग काही कुटुंबं सामान बांधून दवाखान्याकडे निघतात आणि तिथली गर्दी वाढल्यावर डॉक्टरचं बोलणं बदलतं. उशीर करणं हाही एक निर्णय होतो, कुणी मेनूत विचारलेला नसला तरी.

९ एप्रिल

धरणाच्या वरच्या ऑफिसात एक रजिस्टर ठेवलं, पाण्याच्या तपासणीचं. वाचलं तर कळतं की वस्तीच्या विहिरीत वरून गाळ आणि काहीतरी वाईट उतरतंय, मोटर बसवली तरी ते पाणी पिण्यालायक नाही. क्वेस्टमध्ये त्याचा उल्लेख नाही, नकाशावर मार्कर नाही. सापडलं तर सापडलं. वाचलेल्या खेळाडूला बाईंशी बोलताना एक जास्तीचं उत्तर मिळतं.

ही कल्पना सरळ पहिल्या फॉलआउटवरून घेतलीय, लपवायचं काही नाही. तिथे शेवटच्या शत्रूला, माणसांचे म्युटंट बनवणाऱ्या मास्टरला, बंदुकीशिवाय हरवता येतं, त्याचे म्युटंट प्रजनन करू शकत नाहीत याचा पुरावा दाखवला तर त्याला स्वतःच्या योजनेचा फोलपणा पटतो आणि तो स्वतःला संपवतो. तो पुरावा आधी कुठेतरी फिरताना मिळवलेला असावा लागतो. गोडगोड बोलायचं कौशल्य वेगळं आणि माहीत असणं वेगळं. माझ्या मते भटकण्याचं खरं बक्षीस हेच असायला हवं, पेटीतली थोडी बरी बंदूक नाही.

मॅपवाल्याने विचारलं, रजिस्टर वाचायला किती जण थांबतील? बहुतेक थोडेच. त्या थोड्यांसाठी ठेवलंय.

१६ एप्रिल

शेवटच्या स्लाइड्स (गेम संपल्यावर पुढे काय झालं ते सांगणारी चित्रं). वहीवरून आपोआप जुळवायच्या, प्रत्येक ठिकाणाला एक. पहिल्याच चाचणीत मेलेल्या डॉक्टरने पुढची वीस वर्षं रुग्णांची सेवा केली. मृत्यूची नोंद सगळ्यात आधी तपासायची, मग बाकीचं.

मजकुराचा सूर काय ठेवायचा यावर बोललो. पहिल्या फॉलआउटच्या मूळ आराखड्यात जंकटाउनमध्ये जुगारअड्डावाल्या गिझ्मोच्या बाजूने गेलं तर गाव भरभराटीला येणार होतं आणि कायदा पाळणाऱ्या किलियनच्या राज्यात ते आक्रसणार होतं, पुढे ते बदलून सरळ केलं गेलं. मला मूळचं जास्त आवडतं. आपल्या स्लाइड्समध्ये शाबासकी नको, काय झालं तेवढंच लिहायचं. मोटर दवाखान्याला दिली, वस्तीतले किती जण वर गेले, किती जण नदी ओलांडून गेले. मोटर घळीतच राहिली तर तिच्यावर गंज चढेपर्यंतची स्लाइड मॅपवाला स्वतःहून काढतोय, म्हणजे त्याची नाराजी गेली असं धरून चालतो.

बाकी राहिलेलं: रात्री दवाखान्याची खिडकी (अजून तशीच आहे), खेचर मालक मेल्यावर घरी परत जातं का ते ठरवणं, कुलूपबंद आजी परत एका टेस्टरला दिसली म्हणतो, त्याच्याकडून सेव्ह फाइल मागवली आहे. आयडी तर कायमचे केलेत, मग ही कशी आली ते फाइल आली की बघतो.